दोन सालांचं हॅम्बुर्ग: संग्रहालयं आणि स्मारकं कशी पाहावीत

युरोपच्या सहलीत हॅम्बुर्गला जागा मिळालीच तर ती अर्ध्या दिवसाची. बोटीतून बंदराची फेरी, एल्बफिलहार्मोनीच्या सज्ज्यावरून फोटो, मिनियाटूर वुंडरलँडमधल्या चिमुकल्या आगगाड्या, आणि बस पुढच्या गावाला. पण मुलगा-सून किंवा मुलगी-जावई नोकरीनिमित्त तिथं आहेत आणि आईवडील महिना-दीड महिना राहायला गेलेत, अशी घरं आता पुण्या-मुंबईत किंवा नाशकात दुर्मीळ राहिलेली नाहीत. शिकायला जाणारी मुलं वेगळीच. हा लेख अशा सवड असलेल्या वाचकांसाठी आहे.

जर्मनीतलं हे सगळ्यात मोठं बंदर समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, एल्बे नदीवर आहे. जगभरचा माल इथं उतरला, युरोपभरची माणसं इथून जहाजात चढली, आणि नाझी काळात याच शहरातल्या माणसांना इथूनच मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवलं गेलं. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर दिसतात. म्हणून ‘आज बंदर, उद्या युद्धाची स्मारकं’ अशी वाटणी करू नका. दोन्ही एकत्र पाहिली तरच शहर कळतं.

आधी एक सवय लावून घ्या

कुठल्याही स्मारकापाशी पोचलात की दोन सालं टिपा: घटना कधी घडली आणि स्मारक कधी उभं राहिलं. हॅम्बुर्गमध्ये या दोन सालांमधलं अंतर बरंच काही सांगून जातं. लष्करातून पळालेल्या आणि त्यासाठी ठार केलेल्या सैनिकांचं स्मारक २०१५ मध्ये झालं. ज्या स्थानकातून माणसं छावण्यांकडे रवाना झाली, तिथलं स्मारक २०१७ मध्ये. मधली सत्तर वर्षं शहर काय करत होतं, हा प्रश्न तिथं आपोआप पडतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी फलकांवर प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. वहीत या दोन सालांसाठी दोन रकाने आखून ठेवा.

पहिला दिवस: गोदामं आणि कचेऱ्या

सुरुवात श्पायखरश्टाट म्हणजे गोदामांच्या वस्तीपासून करा. लाल विटांची, पाच-सहा मजली गोदामं, खाली लाकडी खांबांचा पाया, एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला कालवा. १८८८ मध्ये हॅम्बुर्ग जर्मन जकात संघात सामील झालं. त्यानंतरही माल जकात न भरता साठवता यावा म्हणून १८८३ पासून ही वस्ती बांधायला घेतली गेली. तिच्यासाठी सुमारे वीस हजार माणसांना घरं सोडावी लागली. २०१५ मध्ये युनेस्कोनं या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

इथलं श्पायखरश्टाट संग्रहालय लहान आहे, पण तासभर तरी द्याच. कॉफी, चहा, मसाले, रबर यांची पोती, ती उचलायचे आकडे, तराजू, असं जुन्या गोदामातलं सामान तिथं आहे. पोत्यात खुपसून नमुना काढायची परखी पाहा. आपल्या बाजार समितीत आडत्याच्या हातात असते, थेट तशीच. जगाचा व्यापार म्हणजे शेवटी पोतं फोडून मालाची प्रत ठरवणारी माणसं, हे या एका वस्तूत दिसतं.

जहाजांची आवड असेल तर जवळच आंतरराष्ट्रीय सागरी संग्रहालय आहे. १८७९ च्या सुमाराच्या एका प्रचंड गोदामात, एकावर एक दहा मजले. सगळं पाहायचा हट्ट धरलात तर दिवस जाईल आणि पाय दुखतील ते वेगळंच. आपल्याला काय पाहायचं ते ठरवून दोन-तीन मजले निवडा.

तिथून मेसबर्ग या मेट्रो स्थानकाकडे चालत या. इथं चिलीहाऊस ही जहाजाच्या नाळेसारखी टोकदार इमारत आहे. चिलीतल्या सोऱ्याच्या व्यापारात पैसा कमावलेल्या एका धनिकानं ती १९२४ मध्ये पुरी केली. सगळे तिचा फोटो काढतात. तुम्हीही काढा, पण मग शेजारच्या मेसबर्गहोफकडे वळा. या इमारतीचं मूळ नाव बालिनहाऊस. आल्बर्ट बालिन हा हॅम्बुर्गच्या जहाज कंपनीचा, हापागचा, नामांकित प्रमुख. तो ज्यू होता म्हणून नाझी राजवटीनं १९३८ मध्ये इमारतीचं नाव बदललं. याच इमारतीत टेश अँड श्टाबेनोव या कंपनीची कचेरी होती. जहाजं आणि गोदामांतले कीटक-उंदीर मारायचं विषारी द्रव्य, झिक्लॉन बी, ती पुरवत असे. पुढे तेच आउश्वित्झच्या गॅसकोठड्यांसाठी गेलं. युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयानं कंपनीच्या मालकाला आणि त्याच्या मुख्य सहकाऱ्याला फाशीची शिक्षा दिली. आज तिथं एक फलक आहे. त्यापाशी दोन मिनिटं थांबलात तरी या शहराचा व्यापार आणि गुन्हा एकाच जिन्यावरून कसे चढ-उतार करत होते ते समजेल.

दिवसाचा शेवट लोझेपार्कमध्ये करा. हाफेनसिटी या नव्या वस्तीतली ही बाग. मुलं खेळत असतात, लोक डबे उघडून बसलेले असतात. तिच्यातून एक खोलगट वाट तिरकी जाते, जुन्या रुळांच्या मार्गानं, आणि हानोवर स्थानकाच्या उरलेल्या फलाटापाशी पोचते. १९४० ते १९४५ या काळात इथून आठ हजारांहून अधिक ज्यू, सिंती आणि रोमा माणसांना पूर्वेकडच्या वस्त्यांत आणि छावण्यांत नेलं गेलं. फलाटापाशी त्यांची नावं आहेत. तिकीट नाही, दरवाजा नाही. संध्याकाळी उशिरा गेलात तरी चालतं.

दुसरा दिवस: एक मनोरा आणि एकमेकांशी भांडणारी तीन स्मारकं

सेंट निकोलाय चर्चचा काळवंडलेला मनोरा शहरात कुठूनही दिसतो. उंची १४७ मीटर. १८७४ ते १८७६ या काळात ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. मुंबईकरांना इथं एक ओळख सापडेल. या चर्चचा वास्तुकार जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडेही त्याचेच. ओव्हल मैदानावरून दिसणारा तो टोकदार गॉथिक थाट मनात आणून या मनोऱ्याकडे पाहा.

२४ जुलै ते ३ ऑगस्ट १९४३ या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी हॅम्बुर्गवर सतत बॉम्बहल्ले केले. मोहिमेचं नाव ‘गोमोरा’. २७ जुलैच्या रात्री पूर्वेकडच्या दाट कामगारवस्त्यांत आगीचं वादळ उठलं. सगळ्या हल्ल्यांत मिळून चौतीस हजारांच्या वर माणसं गेली. चर्चही जळालं. मनोरा आणि काही भिंती उरल्या, त्या तशाच ठेवल्या आहेत. काचेच्या लिफ्टनं ७६ मीटर उंचीवर जाता येतं, पण आधी खाली तळघरातलं संग्रहालय पाहा. हॅम्बुर्गवरच्या आगीची कहाणी तिथं वॉर्सा आणि कॉव्हेंट्रीवरच्या जर्मन बॉम्बहल्ल्यांसोबत मांडली आहे. आपलं दुःख सांगताना आपण केलेलं नुकसान वगळायचं नाही, ही शिस्त तिथं दिसते. मग वर जा. वर गेल्यावर बंदर, गोदामं आणि जळालेल्या वस्त्यांची जागा एका नजरेत येते.

दुपारी डामटोअर स्थानकाजवळ या. इथं काही पावलांवर तीन स्मारकं आहेत. पहिलं १९३६ चं, नाझी काळातलं: चौकोनी दगडी ठोकळा आणि त्याभोवती ओळीनं कूच करणारे सैनिक. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ७६ व्या पलटणीतल्या सैनिकांसाठी असलेलं हे स्मारक मरणाचं कौतुक करतं, आणि ते पुढच्या युद्धासाठी. ते पाडावं की ठेवावं यावर शहरात वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी त्याला उत्तर देणारं दुसरं शिल्प उभं करायचं ठरलं. ऑस्ट्रियन शिल्पकार आल्फ्रेड हर्डलिका यानं १९८० च्या दशकात त्याचे दोन भाग पुरे केले: एक आगीच्या वादळावर आणि दुसरा छळछावणीतल्या कैद्यांसह बुडालेल्या ‘काप आर्कोना’ जहाजावर. उरलेले भाग झालेच नाहीत, आणि तो अपुरेपणाही आता त्या जागेचा भाग आहे. तिसरं २०१५ चं, नाझी लष्करी न्यायालयांच्या बळींसाठी. कांस्य अक्षरांच्या जाळीदार भिंती, आणि हॅम्बुर्गमध्ये देहदंड दिलेल्या दोनशेहून अधिक माणसांच्या नावांचं ध्वनिमुद्रण. पहिल्या स्मारकापासून सुरू करून सालांच्या क्रमानं फिरा. अर्धा तास पुरतो आणि तिकीट लागत नाही. पुतळा पाडावा की ठेवावा हा वाद आपल्याकडेही सतत चालतो. त्याला तिसरी वाट असू शकते, हे इथं प्रत्यक्ष दिसतं.

वेळ असेल तर एस-बान या उपनगरी गाडीनं हारबुर्गला जा. तिथं योखेन गेर्झ आणि एस्टर शालेव-गेर्झ या दोघांनी १९८६ मध्ये फॅसिझमविरोधी स्तंभ उभारला होता. शिशाचं आवरण असलेला, बारा मीटर उंच. लोकांनी त्यावर सह्या करायच्या, सह्यांनी भाग भरला की स्तंभ तेवढा जमिनीत उतरवायचा. १९९३ मध्ये तो पूर्ण आत गेला. आता वर पाहायला फक्त झाकण आणि फलक. लांबून आलेल्या पाहुण्यांची निराशा होऊ शकते, म्हणून आधीच सांगितलं.

तिसरा दिवस पूर्ण नॉयेनगामेसाठी

हॅम्बुर्गच्या आग्नेयेला, शेतांच्या मधोमध ही छळछावणी होती. एस-बाननं बेर्गेडोर्फ आणि तिथून बस, असा जाण्याचा मार्ग. प्रवेश विनामूल्य. शहरातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण इथली प्रदर्शनं आठवड्याच्या कामाच्या सगळ्या दिवशी उघडी असतात. त्यामुळे सोमवार यासाठी सोयीचा पडतो.

१९३८ च्या अखेरीस सुरू झालेल्या या छावणीत आणि तिच्या पंच्याऐंशीहून अधिक उपछावण्यांत मिळून लाखाच्या आसपास माणसांना डांबलं गेलं. निदान ४२,९०० जण मेले. छावणी इथंच का? तर इथल्या मातीच्या विटा होतात म्हणून. हिटलरला एल्बेकाठी अवाढव्य इमारती उभारायच्या होत्या. त्यासाठी विटा हव्या होत्या, आणि १९४० मध्ये हॅम्बुर्ग शहरानं छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी संघटनेशी रीतसर करार केला. कैद्यांनी माती खणली, कालवा खोदला, भट्ट्या चालवल्या. वीटभट्टीची लांबलचक इमारत अजून उभी आहे. तिच्या उतारावर उभं राहा. भरलेल्या लोऱ्या माणसांनी इथून ढकलत वर नेल्या, हे कुठल्याही चित्रफितीपेक्षा तिथं लवकर समजतं.

मूळ लाकडी बराकी आता नाहीत. त्यांच्या जागी जाळीत भरलेल्या राडारोड्याच्या ठेंगण्या रांगा आहेत. त्यांवरून बराकीची लांबी-रुंदी कळते. स्मरणगृहात कापडाच्या लांब पट्ट्यांवर मेलेल्यांची नावं मृत्यूच्या तारखेप्रमाणे लिहिली आहेत. १९४४–४५ च्या हिवाळ्याकडे सरकता सरकता याद्या लांबत जातात. तिथं घाई करू नका.

दोन सालांची सवय इथं सर्वांत कामाला येते. युद्ध १९४५ मध्ये संपलं. १९४८ मध्ये शहरानं याच जागेवर तुरुंग सुरू केला, १९७० मध्ये दुसरा बांधला. वाचलेल्या कैद्यांनी, विशेषतः फ्रान्समधून येणाऱ्या त्यांच्या संघटनांनी, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. १९६५ मध्ये कडेला एक स्मारक झालं, १९८१ मध्ये छोटं प्रदर्शन. तुरुंग हलले ते २००३ आणि २००६ मध्ये. आजच्या स्वरूपातलं स्मृतिस्थळ २००५ मध्ये उघडलं. साठ वर्षं लागली. ही साठ वर्षंही प्रदर्शनाचा भाग आहेत, ती वगळून परत येऊ नका.

परिसर पन्नास हेक्टरांहून मोठा आणि उघडा आहे. वारा बोचरा असतो. चांगले बूट, पावसाचा कोट, पाणी आणि थोडं खाणं जवळ ठेवा. पोळीभाजीचा डबा न्यायला हरकत नाही, पण तो बेर्गेडोर्फला किंवा प्रवेशाजवळच्या जागेत उघडा. चार तास धरा, आणि त्या संध्याकाळी दुसरा कार्यक्रम ठेवू नका.

रविवार: एक शाळा आणि एक धक्का

बुलेनहूझर डाम या शाळेच्या तळघरातलं प्रदर्शन फक्त रविवारी उघडं असतं. त्यामुळे आठवड्याची आखणी याच्यापासून करा. नॉयेनगामेत एका एसएस डॉक्टरनं वीस ज्यू मुलांवर क्षयाचे प्रयोग केले होते. दहा मुली, दहा मुलगे, वय पाच ते बारा. ब्रिटिश फौजा जवळ आल्यावर पुरावा नष्ट करण्यासाठी २० एप्रिल १९४५ च्या रात्री या मुलांना इथं आणून मारलं. सोबत त्यांची काळजी घेणारे चार कैदी आणि काही सोव्हिएत कैदीही. युद्धानंतर इमारतीत पुन्हा शाळा भरू लागली. गुंटर श्वारबेर्ग या पत्रकारानं सत्तरच्या दशकात मुलांच्या नातलगांचा शोध घेतला तेव्हा हे प्रकरण सगळ्यांपुढे आलं, आणि १९८० मध्ये स्मृतिस्थळ झालं. मागच्या बाजूला गुलाबांची बाग आहे. येणारा कुणीही तिथं गुलाबाचं रोप लावू शकतो. बारा वर्षांखालच्या मुलांना इथं आणि नॉयेनगामेला नेऊ नये, असं मला वाटतं. त्याहून मोठ्यांनाही आदल्या दिवशी सगळं सांगून ठेवा.

त्याच दिवशी फेडल भागातलं बालिनश्टाट हे स्थलांतरितांचं संग्रहालय पाहता येईल. १८५० ते १९३४ या काळात पन्नास लाखांहून अधिक माणसं हॅम्बुर्गमार्गे नव्या जगाकडे गेली. १८९२ मध्ये शहरात पटकी आली आणि साडेआठ हजारांहून अधिक माणसं मेली. एल्बेचं न गाळलेलं पाणी हे त्याचं मुख्य कारण. शेजारच्या अल्टोनात पाणी वाळूतून गाळलं जाई, तिथं साथ फारशी पसरली नाही. दोष मात्र रशियातून आलेल्या गरीब प्रवाशांवर ढकलला गेला. त्यांना शहरापासून वेगळं ठेवण्यासाठी, पण खाण्यापिण्याची आणि झोपण्याची नीट सोय करून, हापागनं १९०१ मध्ये इथं निवास उभारले. त्यांतले तीन पुन्हा बांधून २००७ मध्ये संग्रहालय सुरू झालं. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते जवळचं वाटेल, आणि लहान मुलांनाही चालेल.

पायाखालची नावं

शहरभर घरांसमोर, फुटपाथात बसवलेले दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतील. गुंटर डेमनिग या कलाकारानं सुरू केलेल्या उपक्रमातले हे ‘श्टोल्परश्टाइन’. हॅम्बुर्गमध्ये असे हजारो आहेत. त्या घरात राहणाऱ्या माणसाचं नाव, जन्मसाल, कधी आणि कुठं नेलं, शेवट काय झाला, एवढंच त्यांवर असतं. भाषा येत नसली तरी सालं वाचता येतात. मुलगा राहतो त्या गल्लीपासून सुरुवात करा. घरचा पत्ता आणि इतिहास यांतलं अंतर किती कमी आहे, ते कळतं.

काही गोष्टी सांभाळा

आपल्याकडे स्वस्तिक गळ्यातल्या पदकावर असतं, किल्लीच्या साखळीत असतं, पिशवीवर छापलेलं असतं. जर्मनीत नाझी चिन्हं दाखवणं कायद्यानं गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक धार्मिक, हे खरं. पण छावणीच्या दारात तुमचा हेतू समजावून घ्यायला कुणी थांबणार नाही, आणि समोरच्याला त्रास व्हायचा तो होतोच. ते घरी ठेवून निघा.

दुसरं बोलण्याबद्दल. ‘आपल्याकडेही असाच शिस्तीचा माणूस हवा’ हे वाक्य आपल्याकडे गप्पांत सहज येतं, आणि ‘माझा लढा’ची मराठी प्रत रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे आजही मिळते. ही सवय सीमेवरच सोडा. ज्यूंचा नरसंहार झालाच नाही असं म्हणणं तिथं गुन्हा आहे. स्मारकापाशी सेल्फी, हसरे समूहफोटो, व्हिडिओ कॉल टाळा. जागेचा फोटो घ्यायला हरकत नसते. माणसांचा विचारूनच घ्या.

एक भारतीय धागाही माहीत असावा. ११ सप्टेंबर १९४२ रोजी हॅम्बुर्गमध्ये जर्मन-भारतीय संस्थेच्या उद्घाटनाला नेताजी सुभाषचंद्र बोस हजर होते आणि ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून वाजवलं गेलं. त्याच वर्षीच्या जुलैत हानोवर स्थानकातून आउश्वित्झ आणि टेरेझिनकडे गाड्या सुटल्या होत्या. पहिली गोष्ट अभिमानानं सांगायची तर दुसरीही तिच्याबरोबर सांगावी लागते.

तिकीट, वेळ, बाकी सोयी

हॅम्बुर्ग कार्ड घेतलं तर बस, मेट्रो आणि नदीतल्या सार्वजनिक फेऱ्या त्यात येतात, शिवाय बऱ्याच संग्रहालयांत सवलत मिळते. महागडी पर्यटक बोट टाळायची असेल तर लांडुंग्सब्रुकेनहून ६२ क्रमांकाची फेरी पकडा. तीही साध्या पासवर चालते. तिथलाच १९११ चा नदीखालचा बोगदा पायी फुकट पार करता येतो. हॅम्बुर्ग इतिहास संग्रहालय २०२३ च्या अखेरीस मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झालं, तेव्हा ते उघडलं का, हे निघण्यापूर्वी पाहा. तोवर बार्मबेकमधलं श्रम संग्रहालय चांगला पर्याय आहे. रबराच्या जुन्या कारखान्यात कामगारांचं जग मांडलं आहे. सामान ठेवायच्या कपाटांसाठी एक किंवा दोन युरोचं नाणं खिशात असू द्या. पाठीवरची मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. इंग्रजी मजकूर बहुतेक ठिकाणी मिळतो.

ज्येष्ठांसाठी निकोलायची लिफ्ट, लोझेपार्क आणि बालिनश्टाट सोयीचे. नॉयेनगामे थकवणारं आहे. चारही दिवस जमत नसतील तर मेसबर्ग, लोझेपार्क आणि नॉयेनगामे एवढं तरी नक्की करा. पुढच्या वेळी कुणी ‘हॅम्बुर्गला पाहण्यासारखं काय आहे’ विचारलं, तर त्यांना बंदराच्या फेरीसोबत नॉयेनगामेचा पूर्ण दिवसही सांगा.